मागितल्यास

श्री. आर्थर टेंच यांस,
सा. न. वि. वि.

तुमचा शेवटचा पत्ता बेक्सहिलचा.
तिथं आता दातांचा दवाखाना आहे.
दाढ दुखत नसताना आले म्हणून
रिसेप्शनवरची मुलगी माझ्यावर नाराज झाली.

सेंट लेनर्ड्सच्या या घराचे तुम्ही तीन फ्लॅट केलेत
बहात्तर साली, नव्व्याण्णव वर्षांच्या करारानं.
भुईभाडं वर्षाला पंधरा पौंड.
दर मार्चमध्ये मी चेक पाठवला,
दर एप्रिलमध्ये पोस्टमननं परत आणला.
पाकिटावर पेन्सिलीनं : निघून गेले.
कुठं, ते पोस्टखातं लिहीत नाही.

बँक म्हणाली, सत्तेचाळीसच वर्षं उरलीत,
यावर आम्ही कुणालाही कर्ज देत नाही.
म्हणजे मला विकता येत नाही.
म्हणजे भिंती जागच्या जागी असून
घर दरवर्षी एका वर्षानं आखूड होतं.

आत्या फोनवर ओरडून विचारते, "मालक सापडले का गं?"
तिच्या शेजारी बसलेली कुणी बाई
"अगंबाई, कधीपासून?" म्हणून हळहळते.
मी खुलासा करत नाही.
नाव कागदावर, माणूस नाही, छत गळतंय.
काही फारसं चुकलेलं नाही तिचं.

वडील मामलेदार कचेरीत, कुळांच्या टेबलावर.
जेवताना सांगायचे, कसेल त्याची जमीन.
मी पंचवीस वर्षं ही एक खिडकी कसली आहे :
खारा वारा, कुजलेली चौकट, खरवडणं, रंग, पुन्हा वारा.
वकीलबाई ओडुया हसल्या नाहीत.
"असा कायदा इथं नाही," म्हणाल्या,
"पण तुम्ही त्यांना शोधलंत, हे दाखवा."

दाखवलं.
जमीन नोंदणीचा उतारा, मृत्यूच्या नोंदी, मृत्युपत्रांच्या नोंदी,
स्थानिक पेपरात दोन इंच जाहिरात.
क्रॉयडनच्या एका माग काढणाऱ्याला तीन आर्थर टेंच मिळाले :
एक कबुतरं पाळतो, एक हलच्या स्मशानात,
एक अजून शाळेत जातो.
तुम्ही कंपनी असतात तर सोपं होतं.
बुडालेल्या कंपनीचं सगळं राजाकडं जातं
आणि राजाला पत्ता असतो.

वरच्या डोरीनला म्हटलं, दोघी मिळून अख्खी मालकीच मागू,
तिघांत दोघी पुरतात.
ती चौऱ्याऐंशीची. "माझा करार माझ्यापेक्षा जास्त जगणार आहे,"
म्हणाली, आणि चहा ओतला.
तळमजल्याचं दार कुणी उघडतच नाही.
छतासाठी न्यायाधिकरण व्यवस्थापक नेमतं म्हणे,
पण तो अर्ज वेगळा, फी वेगळी.
बादली तूर्त तीच.

मग एकटीच गेले हेस्टिंग्जच्या कोर्टात.
अकरा मिनिटं.
"प्रतिवादी हजर आहेत?" न्यायाधीशांनी विचारलं
आणि मी मागं वळून पाहिलं.
रिवाज म्हणून नाही हो.
खरंच पाहिलं.

पुढं न्यायाधिकरणानं किंमत ठरवली, मी ती कोर्टात भरली.
तुमच्या नावानं तिथं पडून आहे.
नव्या करारावर तुमच्या जागी कोर्टानं सही केली.
तुमच्यापेक्षा अक्षर बरं.

सत्तेचाळीसांत नव्वद मिळवले.
एकशे सदतीस वर्षं माझी, मी अठ्ठावन्नची.
आणि नवं भाडं, कलम तीन :
वर्षाला मिरीचा एक दाणा, मागितल्यास.
मला वाटलं, टंकलेखनाची चूक.

डबा उघडून एक टपोरा दाणा निवडला.
तुमच्याच परत आलेल्या पाकिटात ठेवलाय,
पेन्सिलीचं खोडलं नाही.
केव्हाही या. बेल वाजत नाही, दार ठोका.
आणि आलातच तर
जरा वर चढून छत बघा.

कळावे,
आपलं कूळ,
वासंती टिपणीस
फ्लॅट दोन